जे दिसणार नाही, ते आधी वाच

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणींसोबत तेर, देवगिरी, वेरूळ आणि अजिंठा करायचं ठरलंय, तर जाण्याआधी काय काय वाचू, असं तू विचारलंस. नुसती यादी हवी असती तर हे पत्र चार ओळींत संपलं असतं. पण कोणतं पुस्तक आधी वाचायचं आणि कोणतं आल्यावर, हे मला यादीपेक्षा मोठं वाटतं. इतकी वर्षं पोरापोरींना घेऊन हिंडल्यावर माझं त्याबाबत ठाम मत झालंय. तिथे गेल्यावर जे डोळ्यांना दिसणारच नाही, ते आधी वाचावं. जे समोर उभं असणार आहे, त्याचं वर्णन घरी आल्यावर वाचावं.

तेरपासून सांगतो, कारण न वाचता गेलीस तर सगळ्यात जास्त नुकसान तिथे होईल. गोरोबाकाकांचं दर्शन घेशील, त्रिविक्रमाचं देऊळ बघशील, तेरणेवर जरा रेंगाळशील आणि दुपारच्या एसटीने परत फिरशील. गावाभोवतीची पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं तुझ्या लक्षातही यायची नाहीत. आता हे वाचून जा. इसवीसनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडून समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्या कुणा ग्रीक माणसाने एक टिपण लिहून ठेवलंय. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, पण ‘पेरिप्लस’ म्हणून ते टिपण प्रसिद्ध आहे. त्यात तो सांगतो की गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून तऱ्हेतऱ्हेचं कापड, असा माल गाड्यांवर लादून आडरानातून भडोचला जायचा आणि तिथून जहाजावर चढायचा. ते तगर म्हणजे आपलं तेर. एवढं डोक्यात ठेवून त्या टेकाडावर उभी राहिलीस, की पायाखालची खापरं तू वेगळ्या नजरेने बघशील. (बघ, पण उचलू नकोस. ती जिथे आहेत तिथेच त्यांना अर्थ आहे.)

गावातलं लामतुरे संग्रहालय मात्र कितीही घाई असली तरी चुकवू नकोस. तिथे एक हस्तिदंती बाहुली आहे. इटलीतल्या पॉम्पेईच्या उत्खननात १९३८ साली भारतातून गेलेली एक हस्तिदंती मूर्ती मिळाली, आणि पॉम्पेई तर इसवीसन ७९ मध्येच ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. आपल्या तेरची बाहुली त्याच मूर्तीच्या जातकुळीतली. हे ठाऊक नसेल तर काचेमागची ती बाहुली माणूस पाच सेकंदांत ओलांडून जातो. असं ओलांडून जाणारे मी पाहिलेत आणि दरवेळी जीव तुटलाय.

देवगिरीला किल्ला, अंधारी (किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट), चांदमिनार तुझं तू बघशीलच. त्यासाठी पुस्तक नको, चांगल्या चपला हव्यात. पण चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथे येऊन गेला, त्याच्या प्रवासवर्णनातली दौलताबादची, म्हणजे देवगिरीचीच, पानं आधी वाच. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांसाठी तिथे एक खास बाजार होता, तरबाबाद नावाचा, आणि तो त्याला फार देखणा वाटला. किल्ल्यातल्या तळघरांत कैदी ठेवत आणि तिथले उंदीर मांजरांपेक्षा मोठे होते, हेही त्याने लिहून ठेवलंय. आज तिथे बाजार नाही, गाणं नाही. उभा आहे तो कातळ आणि तट. त्यामुळे शहर तुला सोबत घेऊन जावं लागेल, आणि ते पुस्तकातूनच मिळतं.

आता वेरूळ. इथे माझं सांगणं बरोबर उलटं आहे. कैलास लेण्याबद्दल एक अक्षर वाचू नकोस. व्हिडिओ तर अजिबात नको. डोंगर वरून खाली कोरत आणला, हे तू शाळेत शिकलीस तेवढं पुरे. सोळाव्या लेण्यात शीर, आधी खालून प्रदक्षिणा घाल, मग बाजूच्या डोंगरावर चढून वरून बघ, आणि तोंडातून जे निघेल ते निघू दे. घरी आलीस की मग राष्ट्रकूट घराण्यातल्या कर्कराजाच्या बडोदा ताम्रपटाबद्दल वाच. शके ७३४ चा, म्हणजे इसवीसन ८१२-१३ चा तो लेख. कैलास खोदवला तो कृष्णराजाने, आठव्या शतकात. त्या मंदिराबद्दल हा ताम्रपट सांगतो की विमानातून जाणारे देवसुद्धा ते पाहून चकित झाले, आणि ज्याने ते घडवलं तो शिल्पीही आपल्या हातून हे कसं झालं म्हणून थक्क झाला. हे आधी वाचलंस तर बाराशे वर्षांपूर्वीच्या कवीचं आश्चर्य उसनं घेऊन तू कैलासासमोर उभी राहशील. नंतर वाचलंस तर तो कवी तुझ्याच मनातलं बोलतोय असं वाटेल. हा फरक फार मोठा आहे, पोरी. आपल्या मुलांकडे माहिती भरपूर आलीय, पण स्वतःहून थक्क व्हायची त्यांना सवड मिळत नाही, याची मला मनापासून काळजी वाटते.

अजिंठ्याला दोन्ही लागतं. जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, आधी वाच, निदान विश्वंतर, महाजनक आणि छद्दंत या तीन तरी. सतराव्या लेण्यात विश्वंतर आहे: पाऊस पाडणारा हत्ती दान करणारा, आणि शेवटी पोटची पोरंही देऊन टाकणारा राजपुत्र. आत उजेड कमी असतो, मागून गर्दी रेटत असते. शिवाय चित्रकाराने गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने मांडलेली नाही. एका जागी घडणारे प्रसंग त्याने भिंतीच्या एका भागात एकत्र आणलेत, मग ते कथेत कितीही लांब का असेनात. गोष्ट पाठ असेल तरच ती भिंतीवर सापडते. हे असं का मांडलं, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. ते मात्र नंतर.

गुलाम यझदानी यांचे अजिंठ्यावरचे चार खंडही नंतरच. निजामाच्या राज्यात पुरातत्त्व खात्याचं काम बघणारा हा माणूस. त्याचे खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले. ते मोठ्या ग्रंथालयात बसूनच बघावे लागतील. त्यातली चित्रं पाहून मग लेण्यात गेलं की प्रत्यक्ष भिंत फिकी वाटायला लागते, आणि तिच्यावर तो अन्याय आहे.

आणि एक गोष्ट अगदी न चुकता कर. आल्यावर पुस्तक उघडण्याआधी, शक्य तर त्याच रात्री मुक्कामावर, वहीत स्वतःचं लिही. काय पाहिलं, काय कळलं नाही, कुठे पाय थबकले. ‘काही चित्रांवर तपकिरी झाक कशाची?’ असा साधा प्रश्नही लिही. पुढे कधीतरी वाचशील की १९२० च्या दशकात इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी चित्रं वाचवायला त्यांच्यावर लेप दिला आणि तोच पुढे काळवंडला. तेव्हा उत्तर तुझ्या प्रश्नाला मिळालेलं असेल. आधी पुस्तक उघडलंस तर लेखकाचं पाहणं तुझ्या पाहण्यावर चढून बसतं, आणि चार महिन्यांनी आपण नेमकं काय पाहिलं होतं हे सांगता येत नाही.

पैठण यावेळी राहतंय, ते राहू दे. तिथे गोदावरीच्या नागघाटावर बसून गाथासप्तशती हा प्राकृत कवितांचा जुना संग्रह वाचायचा असतो, आणि त्याला निवांत दिवस हवा.

वेळापत्रक आखताना लक्षात ठेव, अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. जिल्हा गॅझेटियर आणि मराठी विश्वकोश दोन्ही इंटरनेटवर मिळतात. तेर आणि दौलताबाद एवढ्याच नोंदी आत्ता वाच. जातककथांचं माझ्याकडचं पुस्तक तुझ्या वडिलांच्या हाती शनिवारी पाठवतो. आल्यावर ते परत द्यायला तूच ये, आणि वही घेऊन ये. मला तेरचं पान आधी वाचायचंय.

तुझे,
सर