पुण्यातली नोकरी सोडून परदेशात इंग्रजी शिकवत फिरायचं आहे. जावं का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून समजलं ते असं: वय २७, बीएस्सी झालंय, पुण्यातली नोकरी बरी चालली आहे, पण ती सोडून थायलंड, व्हिएतनाम, जपान असं इंग्रजी शिकवत तीन-चार वर्षं फिरायचं मनात आहे. घरचे नको म्हणतात आणि तुमचं ठरत नाहीये.

मी मिरजेची. थायलंडच्या ईशान्य भागात, ज्याला तिथे ईसान म्हणतात, उदोन थानीजवळच्या एका सरकारी शाळेत मी काही वर्षं शिकवलं आणि सुट्ट्यांत आजूबाजूचे देश पाहिले. त्यामुळे जे सांगते ते बहुतेक थायलंडबद्दलचं आहे.

शिकवायला आवडत असेल तर जा, अगदी जरूर जा. फिरायचे पैसे सुटावेत एवढ्यासाठीच शिकवणार असाल तर मात्र जाऊ नका. आठवड्याचे पाच दिवस तुम्ही वर्गात असता. सकाळी आठला पटांगणात झेंडा चढतो, त्याआधी तुम्ही हजर असावं लागतं. मग चाळीसच्या आसपास मुलांचे वर्ग, एकामागून एक, आणि मार्चमध्ये उकाडा असा की खडू घामाने ओला होतो. फिरणं उरलेल्या वेळातलं. ज्यांना वर्गात जायला आवडत नव्हतं असे सहकारी मी पाहिले. ते शुक्रवारची वाट बघत जगायचे, आणि त्यांच्या वर्गातली मुलंही.

हे तपासायला विमानात बसायची गरज नाही. पुण्यातच एखाद्या महापालिका शाळेत किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत शनिवार-रविवार दोन-तीन महिने शिकवून बघा. अट एकच: मराठीचा आधार घ्यायचा नाही. परदेशात तुम्हाला मुलांची भाषा येत नसणार, मग चित्रं, हातवारे, गाणी, खेळ आणि तेच वाक्य दहा तऱ्हांनी पुन्हा म्हणणं यावरच सगळा तास उभा करायचा असतो. तशा तासानंतर थकून घरी येताना पुढच्या तासाला काय करायचं हेच डोक्यात घोळत असेल, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आता पासपोर्टबद्दल. इंटरनेटवर ‘इंग्रजी शिकवा आणि जग फिरा’ म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेक अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या पासपोर्टवाल्यांचं असतं. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा मुळात याच सातांसाठी आहे. भारत-कोरिया व्यापार करार २०१० पासून लागू आहे आणि त्यात भारतीयांना सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची सोय आहे, पण त्याला इंग्रजीतली पदवी आणि शिक्षकाचा परवाना लागतो. बीएस्सीवर ते दार उघडत नाही. चीनमध्येही इंग्रजी शिकवायला इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचंच नागरिकत्व मागतात, आणि २०२१ मध्ये सरकारने खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणल्यापासून तिथला बाजारच आटला. जपानमध्ये शाळेत भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी तुमचं स्वतःचं बारा वर्षांचं शिक्षण त्या भाषेतून झालेलं असावं लागतं. तुमची शाळा मराठी माध्यमाची असेल तर तो विचार आत्ताच बाजूला ठेवा. म्हणजे तुमच्या यादीतलं जपान सगळ्यात अवघड. व्हिएतनाम आणि थायलंड जमण्यासारखे आहेत. व्हिएतनाममध्ये पदवी, इंग्रजीचं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र लागतं. थायलंडमध्ये पदवी आणि इंग्रजीची परीक्षा, म्हणजे टोइकमध्ये ६०० किंवा आयईएलटीएसमध्ये ५. सरकारी शाळा असेल तर थाई शिक्षक परिषदेकडून, खुरुसफाकडून, तात्पुरती परवानगी शाळा काढून देते.

पगाराचंही स्पष्ट सांगते. जाहिरातीत बऱ्याचदा दोन आकडे असतात. त्या सात देशांच्या लोकांना महिन्याला ३०-४० हजार बात (थाई चलन) आणि आपल्यासारख्यांना, फिलिपिनो शिक्षकांना, १८-२५ हजार. काम तेच, तास तेवढेच. अर्जासोबत फोटो मागतात तोही उगाच नाही, आणि सावळ्या चेहऱ्याला कधी कधी उत्तरच येत नाही. हा अन्याय आहे आणि मला तो शेवटपर्यंत अन्यायच वाटला. तरी छोट्या गावात २० हजार बातांत नीट राहता येतं; खोली तीन ते पाच हजारांत मिळते, जेवण स्वस्त. शाकाहारी असाल तर ‘जे’ लिहिलेल्या पिवळ्या पाट्यांची दुकानं शोधायची, नाहीतर नुसत्या भाजीतही माशाचं पाणी असतं.

तुमच्या बीएस्सीमुळे मात्र एक वाट उघडते, आणि प्रश्नात तुम्ही तिचा उल्लेखही केलेला नाही. थायलंडच्या बऱ्याच शाळांत ‘इंग्लिश प्रोग्राम’ नावाचे वर्ग असतात, त्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. तिथे भारतीय शिक्षक खूप आहेत आणि त्यांना मान आहे. इंग्रजीच्या जागेसाठी तुमचा पासपोर्ट बघतात, विज्ञानाच्या जागेसाठी पदवी. पगारही सहसा बरा असतो. मी तुमच्या जागी असते तर इंग्रजी शिक्षक म्हणून अर्ज करण्याआधी विज्ञान शिक्षक म्हणून केला असता. पुढे हाच व्यवसाय करावा असं वाटलं तर बीएड करा. बीएड असलेल्याला परवान्याची वाट कितीतरी सरळ होते, आणि मालदीवसारख्या ठिकाणीही, जिथल्या बेटांवरच्या सरकारी शाळांत भारतीय शिक्षक कित्येक वर्षांपासून आहेत, तीच पदवी विचारतात.

शिकवण्याच्या प्रमाणपत्राबद्दल. ऑनलाइन १२० तासांची प्रमाणपत्रं स्वस्तात मिळतात आणि कागद म्हणून बऱ्याच शाळांना चालतात. पण त्यात मुलांसमोर उभं राहायला कुणी शिकवत नाही. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांच्या अभ्यासक्रमात चार आठवड्यांत सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि प्रत्येक तासानंतर त्यातलं काय जमलं नाही ते समोर बसवून सांगतात. खर्च लाखाच्या वर जातो. परवडत असेल तर तेच करा.

फिरायचं कसं, हे तुम्ही सगळ्यात जास्त विचारलंय. वर्क परमिट एका शाळेशी बांधलेलं असतं. शाळा सोडली की राहण्याची परवानगीही संपते. म्हणजे आज इथे, तीन महिन्यांनी दुसऱ्या देशात, असं पगारी शिक्षकाला जमत नाही. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. सुट्टीत सीमा ओलांडण्याआधी री-एंट्री परमिट काढायचं, एका फेरीचं १,००० बात, कितीही फेऱ्यांचं ३,८००. ते न काढता बाहेर पडलात तर वर्षभराची परवानगी तिथेच रद्द. टूरिस्ट व्हिसावर येऊन शिकवायला सांगणारे एजंट भेटतील. नाही म्हणा. पकडलं तर दंड आणि हकालपट्टी शिक्षकाच्या वाट्याला येते, एजंटच्या नाही.

पण वर्षभर एका गावात राहून जे दिसतं ते धावत्या प्रवाशाला कधीच दिसणार नाही, हे मी मनापासून सांगते. थाई शाळा मेच्या मध्यावर उघडते, ऑक्टोबरात काही आठवडे सुट्टी, मग मार्चपर्यंत दुसरं सत्र आणि एप्रिलात सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. उदोनहून नोंग खाय तासाभरावर, तिथून मैत्री पूल ओलांडला की लाओस. व्हिएन्तिआनहून २०२१ मध्ये सुरू झालेली नवी रेल्वे दोनेक तासांत लुआंग प्रबांगला पोचवते. डिसेंबर ते फेब्रुवारी कुंफवापीच्या तळ्यात लाल कमळं फुलतात, पहाटे होडीतून जायचं. बान चियांगच्या उत्खननात निघालेली हजारो वर्षांपूर्वीची रंगीत मडकी शाळेच्या सहलीबरोबर पाहिली, आणि आमच्या वर्गातली मुलंच मला इंग्रजीतून समजावत होती. व्हिएतनाम २०२३ पासून ९० दिवसांचा ई-व्हिसा देतं, तो घरबसल्या मिळतो. एवढं सगळं एका नोकरीच्या आसऱ्याने झालं.

आणि जूनमधल्या एका गुरुवारी वाय ख्रू असतो, शिक्षकांना वंदन करायचा दिवस. मुलं केळीच्या पानात फुलं रचून आणतात आणि गुडघ्यांवर येऊन शिक्षकांपुढे ठेवतात. पहिल्या वर्षी मला तर नीट उभंही राहवेना. इतका मान आपण कमावलेला नसतो, मग तो कमावण्यासाठी रात्री बसून उद्याच्या तासाची तयारी करावीशी वाटते.

‘माझं इंग्रजी गोऱ्या माणसासारखं नाही’ असं तुम्ही लिहिलंय. माझंही नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पण थाई भाषेतही मराठीसारखंच नामाआधी इंग्रजीतलं ‘अ’ (a) आणि ‘द’ (the) लावायचं प्रकरण नाही, आणि क्रियापदाचं रूप तर काळानुसार बदलतच नाही. मूल कुठे अडखळणार हे मला आधीच दिसायचं, कारण मीही तिथेच अडखळले होते. आमच्या शाळेतल्या एका फार चांगल्या ब्रिटिश सहकाऱ्याला हे दिसत नसे. तो प्रामाणिकपणे म्हणायचा, हे असंच बोलतात, का ते मला सांगता येत नाही. मुलं मग माझ्याकडे यायची. उच्चारांवर मेहनत घ्या, शब्दांचा शेवट स्पष्ट म्हणायची सवय लावा, कारण थाई मुलं तोच गाळतात. न्यूनगंड मात्र पुण्यातच सोडून या.

सतत ठिकाण बदलत राहायचं हेच तुमचं खरं स्वप्न असेल, तर शाळेऐवजी ऑनलाइन शिकवण्याचा विचार करा. भारतात राहूनच विद्यार्थी जमवायला लागा आणि वर्षभर उत्पन्न टिकतंय का बघा. थायलंडने जुलै २०२४ मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा व्हिसा सुरू केला, एका वेळी १८० दिवस राहता येतं. पण त्यासाठी खात्यात पाच लाख बात दाखवावे लागतात. थाई शाळेत शिकवणं त्यात बसत नाही. फ्रेंच येत असेल तर आणखी एक सुंदर संधी आहे: फ्रान्सच्या शाळांत इंग्रजीचे सहायक म्हणून भारतातूनही तरुणांना घेतात, ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला बारा तास. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि अलियान्स फ्रान्सेज दोन्ही आहेत, आज सुरुवात केली तर दोनेक वर्षांत तिथवर पोचता येईल.

फसवणुकीबद्दल आपल्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. बँकॉकमध्ये नोकरी म्हणून बोलावून म्यानमारमधल्या म्यावाडीला किंवा लाओस, कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेऊन कोंडलेल्या भारतीयांची सुटका आपल्या दूतावासांना करावी लागली आहे. शिकवण्याची नोकरी देणारा शाळेचं नाव सांगत नसेल, मुलाखतीत नमुना तास घ्यायला लावत नसेल, विमानतळावरून गाडीने पुढे नेऊ म्हणत असेल, तर तिथेच थांबा. भारतातल्या नोंदणीकृत भरती एजंटला ३० हजार रुपये आणि जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घ्यायचा अधिकार नाही. शाळेला तुम्ही स्वतः फोन करा, मुख्याध्यापकांशी व्हिडिओवर बोला, तिथे आधीपासून असलेल्या परदेशी शिक्षकाचा नंबर मागा.

घरच्यांबद्दल. आई-बाबांना ‘लोक काय म्हणतील’ याची काळजी असते खरी, पण त्याच्या तळाशी वेगळे प्रश्न असतात: आजारी पडलीस तर कोण आहे, आणि परत आल्यावर काय. त्यांना सोशल मीडियावरचे समुद्रकिनारे दाखवून उपयोग नाही. शाळेचं नाव, जिल्ह्याचं हॉस्पिटल, विमा, कराराची मुदत हे कागदावर दाखवा. मी एका वर्षाचीच परवानगी मागितली होती. आईने त्या वर्षात रोज रात्री फोन केला, आणि दुसऱ्या वर्षी शाळेतल्या मुलांसाठी लाडूंचा डबा पाठवला. लग्नाचा विषय निघणारच. त्याचं उत्तर तुमचं तुम्हीच द्यायचं, त्यात मी पडत नाही.

कागदांना वेळ लागतो, ते आधी हातात घ्या. पदवीचं साक्षांकन आधी राज्यात, मग परराष्ट्र मंत्रालयात. माझ्या वेळी थायलंडला नुसतं अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचं आंतरराष्ट्रीय साक्षांकन, चालत नव्हतं, त्यांच्या वकिलातीचा शिक्काही लागायचा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, पण ते शेवटी काढा, कारण शाळांना ताजं हवं असतं. पहिला पगार हातात येईपर्यंत तीन महिन्यांचा खर्च आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका. शाळा मेमध्ये उघडते, त्यामुळे अर्जांचा खरा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल.

करार आला की वर्क परमिटचा खर्च कोण करणार, एप्रिलचा पगार मिळणार का (एजन्सीचे करार बऱ्याचदा दहा-अकरा महिन्यांचेच असतात), आठवड्याला तास किती आणि सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, हे आधी वाचा. लिहिलेलं नसेल तर लिहून मागा. व्हिसा हातात येईपर्यंत पुण्यातला राजीनामा देऊ नका.