मॅथ्स सपोर्ट सेंटरमध्ये फक्त कच्ची मुलंच जातात का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये एमएससीला आल्यावर ड्रॉप-इन मॅथ्स सपोर्टबद्दल (आधी वेळ न ठरवता जाऊन गणिताच्या शंका विचारायची युनिव्हर्सिटीतली सोय) कळलं, पण तिथे फक्त कच्ची मुलं जातात का आणि जाऊन नक्की करायचं काय. शिकत असताना मी अशाच एका सेंटरमध्ये ट्यूटर म्हणून बसायचो. बिनधास्त जा.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत 1991 साली आणि लफबरोत 1996 साली अशी केंद्रं निघाली, तेव्हा मुख्य काळजी शाळेचं गणित कच्चं ठेवून इंजिनिअरिंगला येणाऱ्यांची होती. आता फर्स्ट क्लासच्या मागे लागलेली मुलंही नेमाने येतात. मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्यांना सर्वात जास्त गरज असते, त्यातले बरेच जण फिरकतच नाहीत. 'एवढंही येत नाही' असं कुणी म्हणेल, याची धास्ती.

काही जण एकच शंका घेऊन येतात आणि पाच मिनिटांत जातात. काही जण तीन-चार मित्रांसह टेबल धरून ट्यूटोरियल शीट, म्हणजे सरावाची गणितं, सोडवत बसतात, अडलं की हात वर करतात. माझ्या मते हीच पद्धत उत्तम, कारण निम्म्या शंका आपापसातच सुटतात.

एकदा एक मुलगा म्हणाला, "डिफरन्शियल इक्वेशन्स डोक्यावरून जातात." मी त्याला माझ्यासमोर गणित सोडवायला लावलं. व्हेरिएबल्स त्याने अचूक वेगळे केले. पुढे अंशात एक आणि छेदात वाय गुणिले कंसात एक वजा वाय, याचं इंटिग्रेशन आलं आणि त्याने सरळ अख्ख्या छेदाचा लॉग लिहिला. म्हणजे अडचण पार्शल फ्रॅक्शन्सची (एका अपूर्णांकाचे सोपे तुकडे पाडण्याची), अकरावी-बारावीतली! आम्ही तेवढंच केलं, उरलेलं गणित त्याने स्वतः सोडवलं.

म्हणून जाताना लेक्चर नोट्स आणि खाडाखोड केलेली रफ पानंसुद्धा न्या. चूक कुठे होते ते त्या पानांवरच दिसतं. मार्कांची असाइनमेंट मात्र कुणी सोडवून देणार नाही. तशाच धर्तीचं दुसरं उदाहरण घेऊन समजावतील. शिवाय हा काही आपल्यासारखा क्लास नाही, फी नसते आणि नावही नोंदवून ठेवावं लागत नाही.

परीक्षेच्या तोंडावर गर्दी उसळते, म्हणून टर्मच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासूनच जायला लागा. स्टॅटिस्टिक्स अडत असेल तर त्यातला ट्यूटर कोणत्या वेळी बसतो, ते आधी विचारून घ्या.