चुंबकीय परिणामांची उजळणी करताना

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या प्रकरणातील व्याख्या तोंडपाठ असूनही आकृतीवरचे प्रश्न हमखास चुकतात, असे तू कळवले आहेस. माझ्या मते तुझ्या उजळणीचा क्रमच उलटा करायला हवा; आधी आकृती, मग व्याख्या. कोऱ्या कागदावर एक उभी तार काढ, तिच्यातून धारा खालून वर जाते असे मान आणि अंगठा धारेच्या दिशेला ठेवून ती तार उजव्या हाताने पकडल्याची कल्पना कर. वळलेली बोटे तारेभोवतीच्या चुंबकीय बलरेषांची दिशा सांगतात आणि वरून पाहिल्यास ती घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध असते. परीक्षेत मात्र उजव्या हातात पेन असल्यामुळे पुष्कळ मुले नकळत डावा हात वळवून पाहतात आणि नेमके उलटे उत्तर लिहून मोकळी होतात. तेवढ्यापुरते पेन खाली ठेवत जा.

विद्युतधारेमुळे चुंबकसूची विचलित होते हे ऑर्स्टेड यांनी १८२० साली दाखवले, हे वाक्य सगळेच लिहितात. पण प्रयोगात तार सूचीला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण का धरायची, हे फारसे कोणी सांगत नाही. तार पूर्व-पश्चिम धरली, तर सूचीच्या जागी तिचे क्षेत्र उत्तर-दक्षिण रेषेतच येते, आणि सूची एकतर जागची हलत नाही किंवा पूर्ण उलटी फिरते.

विद्युतचुंबकासाठी मी तुला विद्युतघंटेची आकृती बोट फिरवत वाचायला सांगेन, कारण वेढ्यांची संख्या, धारा आणि गाभा या तिन्ही गोष्टी तिथे कामाला लागलेल्या दिसतात. कळ दाबताच वेटोळ्यातून धारा वाहते, मृदू लोखंडाचा गाभा चुंबक बनून टोलासह लोखंडी पट्टी ओढून घेतो आणि घंटेवर ठोका पडतो. त्याच क्षणी पट्टी संपर्क स्क्रूपासून सुटते, परिपथ खंडित होतो, गाभ्याचे चुंबकत्व जाते आणि पट्टी मागे येऊन स्क्रूला पुन्हा टेकते. गाभा पोलादाचा असता तर धारा थांबल्यावरही त्यात चुंबकत्व उरले असते आणि पट्टी चिकटून राहून घंटा एका ठोक्यावर गप्प झाली असती. ‘कारणे द्या’ या प्रश्नात हे असेच, घटनाक्रमाने लिहावे.

हा विद्युतचुंबक घरी खिळ्यावर करून पाहणार असशील, तर वेष्टित तांब्याच्या तारेची टोके पॉलिश पेपरने खरवडून घे आणि फक्त साधा सेल वापर. भिंतीवरच्या सॉकेटला हात लावायचा नाही. जोडणी क्षणभरच ठेव, कारण तार तापते.

राहिले फ्लेमिंग यांचे दोन नियम. धारा दिली असून वाहकावरील बल विचारले असेल, तर डावा हात, म्हणजेच चलित्र (मोटर). वाहकाची गती दिली असून प्रवर्तित धारा विचारली असेल, तर उजवा हात, म्हणजेच जनित्र (जनरेटर). दोन्हींत अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकमेकांना काटकोनात धरायचे; तर्जनी चुंबकीय क्षेत्र, मधले बोट धारा आणि अंगठा बल किंवा गती दाखवतो. प्रश्न वाचताना आधी काय दिले आहे ते अधोरेखित कर आणि मगच हात उचल.

तुझे,
सर