सही मागायची, पण बांबू धरून

प्रश्न : मी यावल तालुक्यातला, केळीची शेती करतो आणि २० मिनिटांच्या शॉर्टफिल्मची स्क्रिप्ट लिहितोय. पुण्याला नोकरीवाला पोरगा फ्लॅटसाठी शेत विका म्हणतो, बाप नाही म्हणतो. मेन सीन ७ पानांचा झालाय, डायलॉग एकदम कडक आहेत, पण ज्याला वाचून दाखवतो तो मधेच मोबाईल बघायला लागतो. काय चुकतंय?

उत्तर : भाऊ, पहिला हिशोब पानांचा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असं धरतात, म्हणजे २० मिनिटांच्या फिल्ममधली ७ मिनिटं दोन माणसं ओट्यावर बसून भांडताहेत. तुमचा बाप "ही काळी आई आहे" म्हणतो, पोरगा "शेतीत काय उरलंय" म्हणतो, दोघंही मनातलं सगळं तोंडाने ओकून मोकळे होतात, मग बघणाऱ्याला शोधायला काय उरतं? मोबाईलच ना.

आता हाच सीन बागेत न्या. मे महिना, निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली केळीची बाग, वाऱ्याची भीती, बाप घडाच्या वजनाने वाकलेल्या झाडांना बांबूचे टेकू लावतोय आणि त्याला बांबू धरायला माणूस हवाय, बस एवढंच. पोराला सही हवीय, आणि रात्री भुसावळहून पुण्याची गाडी पकडायचीय. शेतविक्रीची सौदापावती पोराच्या खिशात आहे हे आपल्याला आधीच दाखवून ठेवा, बापाला माहीत नाही. थरारपटांचा बादशहा हिचकॉकने १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हेच सांगितलंय, टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर १५ सेकंदांचा धक्का, पण प्रेक्षकाला तो आधीच माहीत असेल तर १५ मिनिटांची धाकधूक, मग ती माणसं फालतू गप्पा मारत असली तरी चालतं. तुमचा बॉम्ब म्हणजे तो कागद.

मग पोरगा म्हणेल, "बाबा, जरा बोलायचं होतं." बाप म्हणेल, "धर आधी." एक झाड झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं, आणि बापाला कळलंय की नाही हे तुम्ही अजिबात सांगायचं नाही (माझ्या मते त्याला पोरगा बांधावर दिसला तेव्हाच कळलंय). शहरात राहून पोराचे हात मऊ झालेत, बांबू टोचतो, तो घड्याळ बघतो. शेवटी सुतळी संपते आणि बाप विचारतो, "खिशात काही बांधायला हाये का रे?" इथे कट करा. पोरगा काय काढतो ते पुढच्या सीनला बघू. शेत हा शब्दसुद्धा कोणी काढलेला नाही, आणि सीन तीन पानांत आटोपला.

आणि हो, बापाला नुसता बिचारा करू नका. तो थोडा लबाड असू द्या, व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस करणारा माणूस घरात एकदम साधा कसा होईल?

प्रश्न : माझ्या कथेतली आई रावेरची आहे. तिला अहिराणी बोलायला लावलं तर खान्देशी फील येईल का? (अमळनेरहून एक वाचक)

उत्तर : ताई, तुमच्याकडे अमळनेरला, धुळ्याकडे "माले", "तुले" ठीक, पण रावेर-यावलकडच्या लेवा पाटील समाजाच्या घरातली आई असेल तर ती लेवा गणबोली बोलेल, बहिणाबाईंच्या कवितेतली. दोन्ही बोलींची खिचडी केली तर तिथलेच लोक पहिले हसतील. रावेरच्या एखाद्या मावशीजवळ तासभर बसा, ती भरिताची वांगी भाजताना शेजारणीला काय बोलते ते ऐका, आणि सगळे डायलॉग बोलीत नकोत, आई बँकेतल्या साहेबासमोर प्रमाण बोलायचा प्रयत्न करते आणि चिडली की घसरून आपल्या बोलीवर येते, एवढं दाखवलं तरी पुरे.