आईला स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू आहे. सोबत डिप्रेशनची गोळी चालते का?

हो, चालते, आणि ‘कॅन्सर झालाय, मग उदास वाटणारच’ म्हणून ती लांबवू नका. फक्त कोणती गोळी हे नीट बघायला हवं. टॅमॉक्सिफेनचं यकृतात एन्डॉक्सिफेन होतं आणि मुख्य काम तेच करतं. हा बदल घडवणाऱ्या एन्झाइमला पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन जोरात अडवतात, त्यामुळे या दोन शक्यतो देत नाहीत. व्हेन्लाफॅक्सिन किंवा एस्सिटालोप्रामने फारसा फरक पडत नाही. व्हेन्लाफॅक्सिनने तर टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून येणाऱ्या गरम वाफाही बऱ्याच जणींच्या कमी होतात. मात्र आईंना पॅरॉक्सेटिन आधीपासूनच चालू असेल तर स्वतःहून एकदम थांबवू नका, चक्कर आणि बेचैनी वाढते. मानसोपचारतज्ज्ञांना टॅमॉक्सिफेनबद्दल सांगा, ते गोळी हळूहळू बदलून देतील.