लाय, ले आणि त्यांचे भाऊबंद

प्रश्न : ‘आय वॉज लेइंग ऑन द बेड’ हे चूक आणि ‘यस्टरडे आय ले ऑन द बेड’ हे बरोबर, असे का?

उत्तर : कारण ही दोन निराळी क्रियापदे आहेत. पडून राहणे, आडवे होणे म्हणजे लाय. त्याची रूपे लाय–ले–लेन, आणि चालू क्रियेसाठी लाइंग. एखादी वस्तू ठेवणे, अंथरणे, अंडी घालणे म्हणजे ले. त्याची रूपे ले–लेड–लेड, लेइंग. पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचे मूळ रूप हुबेहूब सारखे, सगळी फसगत तिथेच होते. तुमच्या दुसऱ्या वाक्यातला ‘ले’ हा लायचा भूतकाळ आहे.

लिहिण्याआधी क्रियापदाला ‘काय?’ विचारा. काय ठेवले? पुस्तक. कर्म सापडले, म्हणून ‘आय लेड द बुक ऑन द टेबल’. कर्म नसेल तर लाय. अपवाद कर्मणी प्रयोगाचा : ‘द फाउंडेशन स्टोन वॉज लेड’ यात दगड कर्त्याच्या जागी दिसतो, पण तो कोणीतरी बसवलेला असतो, म्हणून लेडच.

खोटे बोलणे हा दुसरा लाय मात्र सरळ आहे : लाय–लाइड–लाइड. स्पेलिंगमध्ये दोन चुका नेहमीच्या. लाइंग लिहिताना आय-ई जाऊन वाय येतो. लेडचे स्पेलिंग एल-ए-आय-डी. पेड आणि सेड याच घरातले. प्लेड, स्टेडला मात्र वाय राहतो.

बोलताना ‘आय एम गोइंग टू ले डाउन’ असे इंग्रजी मातृभाषा असलेलेही सर्रास म्हणतात. उत्तरपत्रिकेत ते चालणार नाही.

प्रश्न : अशा आणखी जोड्या आहेत का?

उत्तर : आहेत, आणि मराठी माणसाला त्या जड जाऊ नयेत. पडणे–पाडणे, बसणे–बसवणे हा फरक आपण न शिकता करतो. फॉल–फेल–फॉलन म्हणजे पडणे. फेल–फेल्ड–फेल्ड म्हणजे झाड पाडणे. ‘द ट्री फेल’ : झाड पडले. ‘दे फेल्ड द ट्री’ : त्यांनी ते पाडले. परीक्षेतले फेल निराळे. देवनागरीत ते सारखे दिसते, इतकेच. राइज–रोज–रिझन आणि रेज–रेज्ड–रेज्ड यांचेही तसेच. ‘प्राइसेस हॅव रेज्ड’ ही वारंवार होणारी चूक. किमती वाढल्या, तर ‘हॅव रिझन’. दुकानदाराने वाढवल्या, तर ‘ही हॅज रेज्ड द प्राइसेस’.

प्रश्न : संस्थेच्या अहवालात ‘वॉज फाउंड इन’ लिहावे की ‘फाउंडेड’?

उत्तर : फाउंडेड. रयत शिक्षण संस्था ‘वॉज फाउंडेड इन 1919’. ‘वॉज फाउंड’ लिहिले तर ती त्या वर्षी कोणाला तरी सापडली असा अर्थ होईल, कारण फाउंड हा फाइंडचा भूतकाळ. स्थापन करणे या अर्थाचे मूळ क्रियापदच फाउंड असल्याने त्याला पुढे ‘एड’ लागतो.

प्रश्न : हंग आणि हँग्ड?

उत्तर : फाशीसाठी हँग्ड, बाकी सगळीकडे हंग. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव ‘वेअर हँग्ड’, 23 मार्च 1931, लाहोर. शर्ट खुंटीला ‘हंग’, चित्र भिंतीवर ‘हंग’, आणि अडकून बसलेला कॉम्प्युटरसुद्धा ‘हंग’.