राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे आपल्या गल्लीत किती?

ताई, तुम्ही पहिल्यांदाच ग्रामपंचायतीत निवडून आलाय, गाव कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात पंचगंगेच्या बाजूचं, नदीकाठचं, आणि ग्रामसेवकांनी 'ग्राम आपत्ती व्यवस्थापन आराखडा' अशी फाइल हातात दिली आहे. तुमचं विचारणं असं की पूर आल्यावर नेमकं कोण काय करतं, आणि पंचायतीच्या हातात काही असतं का, की सगळं कलेक्टर ऑफिसच बघतं. मी 2019 आणि 2021 या दोन्ही पुरांत आमच्या गावच्या समितीत होतो. त्यातून जे शिकलो तेच लिहितोय, जरा लांबेल.

आधी कोण कुठं बसतं ते. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण दिलं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. रोजची धावपळ निवासी उपजिल्हाधिकारी आणि नियंत्रण कक्ष बघतात, तिथला नंबर 1077. तालुक्याला तहसीलदार. गावात सरपंचांची समिती, त्यात ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशा ताई, कोतवाल. शहरात महापालिका आणि तिचं अग्निशमन दल. 2025 च्या दुरुस्तीनं तर महापालिका असलेल्या शहरांसाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वेगळं नागरी प्राधिकरण नेमायची तरतूद केली आहे.

पण तुमच्या कामाचं त्या कायद्याचं 41 वं कलम. त्यात स्थानिक संस्थांची कर्तव्यं लिहिली आहेत : आपली माणसं प्रशिक्षित ठेवणं, साधनं वापरायच्या स्थितीत ठेवणं, बांधकामं नियमानं होतात का बघणं, मदत आणि पुनर्वसनाचं काम करणं. आणि कायद्याच्या भाषेत स्थानिक संस्थेत पंचायतही येते. म्हणजे तुम्ही नुसते निरोप पोचवणारे नाही. ही गोष्ट पहिल्याच मासिक सभेत वाचून दाखवा, कारण बऱ्याच सदस्यांना ती ठाऊक नसते.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे पावसाळा सुरू झाला की लहान पोरंसुद्धा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. इशारा 39 फुटांला, धोका 43 फुटांला. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्याही वर. हे आकडे मोबाईलवर दर तासाला येतात. पण 39 फूट झालं म्हणजे तुमच्या कुंभारवाड्यात पाणी कुठं असतं? 45 ला मराठी शाळेची पायरी बुडते का? 47 ला कुठला रस्ता जातो? हे जिल्ह्याच्या आराखड्यात सापडणार नाही. हे फक्त गावाला माहीत असतं, आणि गावातही चार-पाच म्हाताऱ्या माणसांनाच.

आम्ही 2019 नंतर एक काम केलं. त्या पुराच्या खुणा भिंतींवर अजून ताज्या होत्या, गाळाची पिवळट रेघ. ज्यांना तारीख-वेळ आठवत होती त्यांना घेऊन गल्लीगल्लीतून फिरलो. "आमच्या उंबऱ्याला पाणी सोमवारी पहाटे लागलं," असं कोणी सांगितलं की त्या पहाटेची बंधाऱ्याची पातळी जुन्या मेसेजमधून काढायची आणि वहीत लिहायची. दोन दिवसांत पूर्ण गावाचा तक्ता झाला. मग विजेच्या खांबांवर आणि देवळाच्या ओट्यावर लाल-पिवळे पट्टे मारले, शेजारी आकडा लिहिला. 2021 ला ते आकडे जवळजवळ बरोबर निघाले, एका गल्लीत तेवढा फरक पडला कारण मधल्या काळात रस्त्याला भराव घातला होता. म्हणून तक्ता दर वर्षी तपासायचा, एकदा करून ठेवून द्यायचा नाही.

या पट्ट्यांचा खरा उपयोग माणसं हलवताना होतो. आपल्याकडे लोक घर सोडत नाहीत. "2005 ला पाणी पायरीपर्यंतच आलंतं" असं म्हणून बसून राहतात, आणि पायरीच्या वर आलं की मग बोट मागतात. खांबावर आकडा दिसला की वाद कमी होतो. आणि माणसं हलवायची ती घरात पाणी शिरल्यावर नाही, गावाचा शेवटचा रस्ता बुडायच्या आधी. हा नियम आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहा. चिखली-आंबेवाडी या नदीला लागूनच्या गावांतल्या लोकांना हे सांगावं लागत नाही, पण नदीपासून जरा लांबची गावं इथंच चुकतात. घर कोरडं आहे म्हणून थांबतात आणि चारी बाजूंनी अडकतात.

रस्ता किती लवकर जातो हे समजायला आपली नदी समजून घ्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या पंचगंगेत पाणी आणतात, गगनबावडा-राधानगरीकडं कोसळलेला पाऊस आपल्या दारात येतो. त्यात राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं उघडतात, कुणाच्या आदेशाची वाट बघत नाहीत. एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी. तीन-चार दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि इकडं पातळी आधीच 40 च्या पुढं असली, की आमच्याकडं वह्या घेऊन पोरं बाहेर पडतात. धोक्याच्या 43 ची वाट बघत नाही. शिरोळकडच्या गावांना मात्र नृसिंहवाडीची पातळी बघावी लागते, तिथं कृष्णेची फूग, म्हणजे तुंबलेलं पाणी, मागं येते.

वहीत काय असतं ते सांगतो. घरटी एक ओळ : माणसं किती, अंथरुणावरचं कोणी आहे का, गरोदर बाई, डायलिसिसवाला, तान्हं मूल, जनावरं किती, आणि कुठं जाणार, पाहुण्यांकडं की शाळेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ज्यांचे पाहुणे वरच्या गावात आहेत त्यांना लवकर काढलं की शाळेतली गर्दी निम्मी होते. 2021 ला कोरोनाची भीती होती, तेव्हा हाच रकाना कामाला आला.

जनावरांबद्दल मनापासून सांगतो, कारण सरकारी आराखड्यात त्यांना जेमतेम जागा मिळते. आमच्या गल्लीतली एक आजी 2019 ला म्हशीला सोडून यायला तयार नव्हती. पाणी गुडघ्याला लागलं तरी दावण धरून बसलेली. शेवटी दोन पोरांनी म्हैस आधी बाहेर काढली, मग आजी तिच्या मागून स्वतः चालत आली. तेव्हापासून आमचा क्रम ठरला : आधी गोठे रिकामे, मग घरं. माळावरची जागा, वैरण, पाण्याची टाकी आणि पशुवैद्यकाचा नंबर जूनच्या आत ठरलेला असतो. जनावर सुरक्षित गेलं की माणूस आपोआप जातो.

बोटींचं. जुन्या काळी गुऱ्हाळाच्या काहिलीत (गूळ शिजवायच्या मोठ्या कढईत) बसून लोक पुरातून ये-जा करायचे, अजूनही कोणी तो विचार करतं. करू देऊ नका. 8 ऑगस्ट 2019 ला शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून किती जीव गेले हे आपण सगळ्यांनी बघितलंय. तिथं बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. गावाकडं बोट असेल तर ती चालवणारा, लाइफ जॅकेट आणि "इतकीच माणसं" असं ठणकावून सांगणारा एक कडक माणूस, तिन्ही हवेत. आपदा मित्र योजनेत तरुणांना 12 दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, गावातली दोन पोरं आणि दोन पोरी तरी पाठवा. एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाची, तुकडी आता पावसाळ्यात आधीच कोल्हापुरात येऊन थांबते, व्हाइट आर्मीसारखे स्वयंसेवकही असतात, पण ते एकाच वेळी शंभर गावांत पोचू शकत नाहीत. 2019 ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता.

एक चूक आमच्याकडून झाली ती तुमच्याकडून नको. 2019 ला आराखड्यातले फोन नंबर लावायला घेतले तर निम्मे बंद. एक अधिकारी बदलून गेलेले, एकांचा नंबर चुकीचा टाइप झालेला. कुणीतरी आदल्या वर्षीचं पान तसंच्या तसं चिकटवलं होतं, आणि आम्ही सह्या करताना एकही नंबर लावून बघितला नव्हता. आता मे महिन्यात मी स्वतः प्रत्येक नंबरवर फोन करतो, समोरच्यानं उचलला तरच कागदावर ठेवतो.

पाणी ओसरल्यावरचं काम लोक विसरतात. 2019 आणि 2021 ला शहराची उपसा केंद्रं बुडाली आणि चोहीकडं पाणी असताना प्यायला पाणी नव्हतं. गावातही तेच होतं, विहीर-बोअर गढूळ. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आधीच आणून कोरड्या जागी ठेवा. गाळ काढायला फावडी, जेटिंग पंपाची सोय, लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्यांसाठी आरोग्य केंद्राशी बोलणं. पंचनाम्याच्या वेळी घराघराचे फोटो गाळ धुवायच्या आधी काढायला सांगा. घर धुऊन चकाचक केलं आणि मग तलाठी आले, अशी कितीतरी घरं रडली आहेत.

पैशाचं थोडक्यात : 15 व्या वित्त आयोगानं राज्याच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले, 80 टक्के आपत्ती आल्यावरच्या मदतीला आणि 20 टक्के आधीच धोका कमी करायला. गावाच्या मागण्या या दुसऱ्या भागात बसतील अशा लिहा, म्हणजे उंच रस्ता, रस्त्याखालची मोरी, कायम निवारा. निळ्या पूररेषेच्या (पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत नवीन घराला नाहरकत देताना मात्र हात आखडता घ्या, ओळखीचा माणूस असला तरी. तिथं आज दिलेली सही पुढच्या पुरात बोट मागते.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं आपल्याकडं पूर येतो का, हेही विचारलंय. तो दोन राज्यांचा विषय आहे, 2019 नंतर वडनेरे समितीनं पुराचा अभ्यासही केला. ग्रामसभेत त्यावर तास घालवू नका, तेवढ्या वेळात दोन गल्ल्यांचा तक्ता होतो.

तुमच्या गावात 2021 च्या पाण्याची खूण कुठल्या भिंतीवर राहिली आहे ते शोधून इथं लिहा. तारीख आणि वेळ मिळाली तर पातळी कशी लावायची ते मी आकड्यासकट सांगतो.